रोमनांनंतरचा आफ्रिका प्रांत: राज्य कुणाचं, महसूल कुणाचा?

प्रश्न थोडक्यात असा: रोमन साम्राज्य पडल्यावर त्याच्या प्रांतांचं नेमकं काय झालं? व्हँडलांसारख्या टोळ्यांनी सगळं बेचिराख केलं असंच आजवर वाचलंय. मग तिथल्या शेतकऱ्यांचं, शहरांचं, भाषेचं काय झालं? आणि स्पेन-फ्रान्समध्ये लॅटिनपासून निघालेल्या भाषा आजही बोलल्या जातात, तर उत्तर आफ्रिकेत का नाही?

सगळ्या प्रांतांना मिळून एक उत्तर देता येत नाही. ब्रिटनमधून पाचव्या शतकाच्या सुरुवातीला फौज गेली आणि दोनेक पिढ्यांत नाणी, शहरं, चाकावरची भांडी सगळंच आटलं. इटलीत गॉथ राजा थिओडोरिकनं ४९३ ते ५२६ राज्य केलं, आणि सिनेट, कॉन्सुल, रोमन कायदा यांना हात लावला नाही. एकाच शतकात दोन टोकं. म्हणून मी एकच प्रांत घेतो: आफ्रिका, म्हणजे आजचा ट्युनिशिया आणि अल्जीरियाचा बराच भाग. उत्तरकालीन रोमन इतिहास शिकवताना आणि शिलालेख वाचताना माझा सर्वांत जास्त वेळ याच मुलखात गेला आहे. शिवाय इथे राजांच्या लढायांबरोबर कुळांची खरेदीखतंही टिकली आहेत, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यांच्यातच आहे.

आधी या प्रांताची किंमत लक्षात घ्या. इ.स.पू. १४६ मध्ये रोमनांनी कार्थेज जमीनदोस्त केलं, शंभरेक वर्षांनी पुन्हा वसवलं, आणि आसपासचा गव्हाचा आणि ऑलिव्हचा मुलूख रोम शहराचं कोठार झाला. रोमन लेखक थोरला प्लिनी म्हणतो की सम्राट नीरोच्या काळात निम्मी आफ्रिका सहा जमीनदारांच्या मालकीची होती. नीरोनं त्यांना मारून त्या जमिनी खालसा केल्या. आकड्यात अतिशयोक्ती असेल, पण मोठ्या जहागिरी आणि त्यांवर कसणारी कुळं हे चित्र बरोबर आहे. ३३० मध्ये कॉन्स्टँटिनोपल राजधानी झाल्यावर इजिप्तचा गहू तिकडे वळला आणि रोमचं पोट मुख्यतः आफ्रिकेवर आलं. ३९७ मध्ये गिल्डो या मूर, म्हणजे स्थानिक बर्बर, सेनापतीनं बंड करून गव्हाची जहाजं अडवली, तेव्हा रोममध्ये हाहाकार उडाला. कार्थेज ज्याच्या हाती, रोमची नाडी त्याच्या हाती, हे तेव्हाच सगळ्यांना कळलं होतं.

व्हँडलांचा राजा गायसेरिक यालाही ते कळलं. व्हँडल आणि त्यांच्यासोबतचे अ‍ॅलन टोळीवाले ४०६ च्या अखेरीस ऱ्हाइन ओलांडून आले, गॉलमधून ४०९ मध्ये स्पेनमध्ये उतरले. तिथे रोमच्या वतीनं लढणाऱ्या व्हिसिगॉथांनी त्यांच्या एका शाखेचं जवळजवळ निर्मूलन केलं. ४२९ मध्ये गायसेरिकनं आपले सगळे लोक जहाजांतून आफ्रिकेत आणले. व्हिटाचा बिशप व्हिक्टर त्यांची संख्या ऐंशी हजार देतो, त्यात म्हातारे, पोरं, गुलाम सगळे धरलेले. म्हणजे लढणारे पुरुष फार तर पंधरा-वीस हजार. एवढ्यांनी प्रांत बेचिराख करून मिळवायचं काय? त्यांना तो चालता हवा होता. वाटेत लुटालूट, जाळपोळ झाली, हे नाकारायचं कारण नाही. हिप्पो शहराला ४३० मध्ये वेढा पडला होता आणि त्या वेढ्यातच संत ऑगस्टिन वारला. पण १९ ऑक्टोबर ४३९ ला, तह मोडून, गायसेरिकनं कार्थेज घेतलं, ते जवळपास लढाईविना, बंदरातल्या जहाजांसकट. रोमन पश्चिमेच्या इतिहासात मी ४७६ पेक्षा, म्हणजे पश्चिमेचा शेवटचा सम्राट पदच्युत झाला त्या वर्षापेक्षा, ही तारीख मोठी मानतो.

का, ते रोमच्या बाजूनं पाहा. ४४२ च्या तहात सम्राट तिसऱ्या व्हॅलेंटिनियननं कार्थेजभोवतीचा सुपीक भाग, त्याच्या दक्षिणेचा बायझासीना आणि पश्चिमेच्या न्यूमिडियाचा काही भाग गायसेरिकला रीतसर देऊन टाकला. स्वतःकडे उरला तो पश्चिमेकडचा नागवलेला मुलूख. ४४५ मध्ये त्याच सम्राटाला न्यूमिडियाचा महसूल पूर्वीच्या एक अष्टमांशावर आणावा लागला. त्याच सुमारास विक्रीवर नवा कर बसवणाऱ्या कायद्यात तो उघड कबूल करतो की जुन्या उत्पन्नात फौजेचं अन्नवस्त्रही भागत नाही. पश्चिमेचं साम्राज्य संपलं ते या हिशेबात. ४५५ मध्ये व्हँडल रोममध्ये शिरले आणि चौदा दिवस शहर लुटत राहिले, ते सगळ्यांना पाठ असतं. पण त्या लुटीच्या आधीच सोळा वर्षं रोमला आफ्रिकेचा फुकट गहू बंद झाला होता. शहराची लोकसंख्या रोडावत गेली ती मुख्यतः त्यामुळे.

आता आफ्रिकेच्या बाजूनं. जहाजं थांबली म्हणून शेती थांबली नाही. पूर्वी कर म्हणून जाणारा गहू आता विकता येत होता. ट्युनिशियाच्या भट्ट्यांत भाजलेली गुळगुळीत तांबूस भांडी भूमध्य समुद्राच्या काठाकाठानं सापडतात. पाचव्या शतकाच्या मध्यानंतर ती काही ठिकाणी कमी होतात, पण बंद पडत नाहीत. कार्थेजजवळच्या जमिनी गायसेरिकनं आपल्या योद्ध्यांना वंशपरंपरागत आणि करमुक्त वाटून दिल्या. आपल्याकडच्या इनामासारखंच हे. बायझासीना वगैरे भाग त्यानं राजघराण्याकडे ठेवला. जमिनी गेल्या त्या बड्या मालकांच्या आणि चर्चच्या. त्यांतले अनेक परागंदा झाले, इटलीत किंवा सीरियात आश्रयाला गेले, आणि आपल्याकडे पोहोचलेली बहुतेक रडकथा त्यांची आहे. त्यांचं दुःख खोटं नव्हतं. पण प्रांत म्हणजे तेवढेच लोक नव्हेत.

कुळांचं काय झालं, हे सांगणाऱ्या लाकडी पाट्या १९२८ मध्ये अल्जीरिया-ट्युनिशियाच्या सीमेवर, तेबेसा शहराच्या बऱ्याच दक्षिणेला सापडल्या. ज्या विद्वानानं त्यांचा पहिला अभ्यास केला त्याच्या नावानं त्यांना अल्बर्टिनी पाट्या म्हणतात. पंचेचाळीस पाट्या, देवदारासारख्या लाकडाच्या, त्यांवर शाईनं घाईघाईच्या लॅटिन अक्षरात लिहिलेलं. काळ ४९३ ते ४९६, म्हणजे गायसेरिकचा नातू गुंथामुंद याचं राज्य. तारखा त्याच्याच राज्यवर्षात घातल्या आहेत. मजकूर बहुतांशी खरेदीखतांचा. नवरा-बायको मिळून जमिनीचा बारका तुकडा विकतात. त्यात ऑलिव्हची झाडं इतकी, अंजिराची इतकी, पाटाचं पाणी कुठून येतं, कुठल्या दिशेला कुणाचं शेत, म्हणजे चक्क चतुःसीमा. किंमत तांब्याच्या नाण्यांत. विकणाऱ्याला लिहिता येत नाही, म्हणून तो खूण करतो आणि त्याच्या वतीनं दुसरा लिहितो, खाली साक्षीदार. गेमिनियस फेलिक्स नावाचा एकजण पुन्हा पुन्हा खरेदीदार म्हणून येतो. गावात हळूहळू कुणाकडे जमीन गोळा होत होती, ते दिसतं. एका पाटीवर मुलीच्या स्त्रीधनाची यादी आहे. एकीवर फोर्टिनिस नावाच्या सहा वर्षांच्या गुलाम पोराची विक्री आहे. झाडांच्या विक्रीचा मायना आणि या पोराच्या विक्रीचा मायना यांत भाषेचा फारसा फरक नाही. ही पाटी विद्यार्थ्यांपुढे ठेवली की वर्ग काही वेळ गप्प होतो, आणि व्हायलाच हवा. रोमन व्यवस्था टिकली असं आपण म्हणतो, तेव्हा तिच्यातलं हेही टिकलं.

या पाट्यांतल्या दोन गोष्टी नीट पाहा. एक, जहागिरीचा मालक फ्लेव्हियस गेमिनियस कॅटुलिनस स्वतःला ‘कायम फ्लामेन’ म्हणवतो. हे सम्राटपूजेच्या पुरोहिताचं बिरुद. सम्राटाचं राज्य जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झालेली, सगळे ख्रिस्ती, राजा व्हँडल, तरी गावच्या पुढाऱ्याचा मान त्याच जुन्या बिरुदानं चालतोय. दुसरी गोष्ट मोठी आहे. विकणारे जमिनीचे मालक नाहीत, कुळं आहेत. ते विकतात तो ‘मांकियन’ वहिवाटीचा हक्क. हा हक्क कळायला ट्युनिशियातल्या हेनशिर मेत्तिच इथला शिलालेख वाचावा लागतो, सम्राट ट्राजनच्या अखेरच्या काळातला, म्हणजे ११६-११७ चा. त्यात मांकियन कायद्याच्या अटी कोरल्या आहेत: धान्याचा तिसरा हिस्सा मालकाला, तेल-वाइनचाही तिसरा, पावट्याचा चौथा. पडीक जमिनीवर नवी ऑलिव्हची बाग लावली तर पहिले दहा हंगाम वाटा नाही. अंजिराला, द्राक्षाला पाच हंगाम सूट. लावलेली झाडं कुळाच्या वारसाला मिळणार, पण जमीन सलग दोन वर्षं ओसाड टाकली तर हक्क गेला. ऑलिव्हला धरायला वर्षं लागतात, त्यामुळे हाताशी हक्क असल्याशिवाय कुणी झाड लावणार नाही, हे ज्यानं हा कायदा केला त्याला कळत होतं. हा नियम ट्राजनच्या काळापासून गुंथामुंदपर्यंत, जवळपास पावणेचारशे वर्षं, वाळवंटाच्या तोंडाशी असलेल्या गावात जिवंत राहिला. तोही कुणा सम्राटाच्या धाकाशिवाय, गावातल्या माणसांना तो हवा होता म्हणून.

म्हणून कुठलाही प्रांत घेतला की मी आधी हे विचारतो: पिकाचा जास्तीचा वाटा कुठे जात होता, आणि दप्तर कुणाकडे होतं? गादीवर कोण, हा प्रश्न त्यानंतरचा. व्हँडलांनी वाटा कार्थेजला ठेवला, बाकीचं बरंचसं तसंच सोडलं. त्यांची तांब्याची नाणी कार्थेज शहराच्या नावाची, घोड्याच्या तोंडाची. स्वतःच्या नावाचं सोन्याचं नाणं त्यांनी पाडलं नाही. सोन्यावर सम्राटाचाच मुखवटा, हे त्यांनीही मानलं. दरबारात लॅटिन कवी होते. ड्राकॉन्टियस नावाच्या कवीनं चुकीच्या राजाची स्तुती केली म्हणून गुंथामुंदनं त्याला तुरुंगात घातलं, आणि तुरुंगातून त्यानं माफीचं काव्य लिहिलं तेही अस्सल लॅटिनमध्ये. इतिहासकार प्रोकोपियस, जो पुढे रोमन सेनापती बेलिसारियसबरोबर आफ्रिकेत आला, तो लिहितो की व्हँडल रोज स्नानगृहात जातात, रेशीम नेसतात, नाटकं आणि रथांच्या शर्यती बघतात. हे तो त्यांना हिणवायला लिहितो. मला त्यात शहरं चालू असल्याचा पुरावा दिसतो.

एका बाबतीत मात्र व्हँडलांची वकिली करता येणार नाही, आणि करूही नये. ते एरियन पंथाचे, म्हणजे येशूला देवपित्याहून खालचा मानणारे, ख्रिस्ती होते, प्रजा कॅथलिक. गायसेरिकचा मुलगा हुनेरिक यानं सुमारे पाच हजार धर्मगुरू आणि अनुयायी मूरांच्या वाळवंटात हाकलले, असं व्हिक्टर सांगतो. ४८४ मध्ये कार्थेजला बिशपांची परिषद भरवली आणि फेब्रुवारीच्या शेवटी फर्मान काढलं: चर्च जप्त, पुस्तकं जाळा, हुद्द्यानुसार दंड. ते फर्मान व्हिक्टरनं पूर्ण उतरून ठेवलंय. वाचल्यावर कळतं की हुनेरिकनं नवं काही शोधलं नव्हतं. रोमन सम्राटांनी पाखंड्यांविरुद्ध काढलेले कायदेच त्यानं कॅथलिकांवर उलटवले. ४११ च्या परिषदेनंतर कॅथलिकांनी डोनाटिस्टांना, म्हणजे आफ्रिकेतल्याच फुटीर ख्रिस्ती पंथाला, नमवायला सम्राटाकडून जे दंडाचं कोष्टक आणलं, तेच सत्तर वर्षांनी त्यांच्या मानगुटीवर बसलं. पुढे राजा थ्रासामुंदनं रुस्पेचा बिशप फुल्गेन्टियस आणि आणखी बरेच बिशप सार्डिनियाला हद्दपार केले. हा छळ खरा होता आणि राजवटीची मुळं त्यानंच कच्ची ठेवली. शंभर वर्षांतही राजा आणि प्रजा एका देवळात गेली नाहीत.

आतापर्यंत मी कार्थेजबद्दल बोललो. पण प्रांताला काठ असतो, आणि रोमनांनंतरचे राज्यकर्ते म्हणताना व्हँडलांवरच थांबणं ही नेहमीची गफलत आहे. आतल्या डोंगरात आणि पश्चिमेला सत्ता गेली ती मूरांकडे, म्हणजे तिथल्याच बर्बर सरदारांकडे. अल्जीरियाच्या पश्चिमेला अल्तावा इथे एक शिलालेख मिळाला. त्यात म्हटलंय की ‘मूर आणि रोमन लोकांचा राजा’ मासुना याच्या कुशलासाठी हा किल्ला बांधला. बांधणारे कोण? सफारचा अधिकारी मासगिविन, कास्त्रा सेवेरियानाचा कारभारी इइदेर, आणि काम पुरं करणारा अल्तावाचा कारभारी मॅक्सिमस. दोन नावं ठसठशीत बर्बर, एक ठसठशीत लॅटिन, हुद्दे सगळे रोमन. आणि वर्ष? प्रांताचं ४६९, म्हणजे इ.स. ५०८. मॉरिटानिया रोमच्या ताब्यात आल्यापासूनची कालगणना हा राजा चालवत होता, रोमचा तिथे एकही अधिकारी नसताना. ऑरेस डोंगरात मास्तियेस नावाच्या सरदारानं तर स्वतःला ‘इंपेराटोर’, म्हणजे सम्राट, म्हणवलं. त्याच्या लेखात तो सांगतो की मी ना रोमनांशी विश्वासघात केला, ना मूरांशी. आणखी पश्चिमेला, मोरोक्कोतल्या व्होलुबिलिसमधून रोमन कारभार २८५ च्या सुमारासच निघून गेला होता. तरी तिथल्या थडग्यांवर लॅटिन लेख आणि प्रांताचंच वर्ष ६५५ पर्यंत दिसतं. रोमन अधिकारी गेल्यावर पावणेचारशे वर्षं! हे रोमन नाहीत, हे रानटीही नाहीत. प्रोकोपियस सांगतो की मूर सरदारांना सम्राटाकडून चिन्हं आल्याशिवाय आपलं राज्य पक्कं वाटत नसे: सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा दंड, चांदीचं शिरस्त्राण, पांढरा अंगरखा, सोनेरी नक्षीचे जोडे. तलवारीनं मिळवलेल्या राज्यावर मान्यतेचा शिक्का हवा असतो, आणि तो शिक्का अजून रोमचाच होता.

मग ५३३ मध्ये रोम परत आलं. कॉन्स्टँटिनोपलचा, म्हणजे पूर्वेच्या रोमन (बायझंटाइन) साम्राज्याचा, सम्राट जस्टिनियन यानं बेलिसारियसला पाठवलं. १३ सप्टेंबरला अ‍ॅड डेसिमम, डिसेंबरात ट्रिकामारम, दोन लढायांत व्हँडल राज्य संपलं; शेवटचा राजा गेलिमेर पुढच्या वसंतात शरण आला. शाळेच्या पुस्तकात याला पुनर्स्थापना म्हणतात. आफ्रिकेतल्या माणसाला ती कशी दिसली असेल? करांची जुनी रोमन दप्तरं उरली नव्हती. गायसेरिकनं ती नष्ट केली होती, असं प्रोकोपियस लिहितो. म्हणून सम्राटानं ट्रायफोन आणि युस्ट्रेशियस असे दोन अधिकारी नव्या आकारणीसाठी पाठवले. ती आकारणी ‘लिबियन लोकांना’, म्हणजे इथल्या रहिवाशांना, ‘ना माफक वाटली ना सोसवली’, हे तो विजेत्यांच्याच बाजूचा माणूस असून सांगतो. त्यानंच आधी लिहिलंय की गायसेरिकनंही इनामाबाहेरच्या जमिनींवर जबर कर बसवला होता. दोन्ही विधानं एकत्र ठेवली तर माझं मत असं की कर दोघांनीही घेतला, पण गायसेरिकचा हिशेब ढिला होता आणि जस्टिनियनचा काटेकोर. कार्थेजच्या नव्या प्रीफेक्टच्या, म्हणजे मुख्य मुलकी अधिकाऱ्याच्या, कचेरीतच ३९६ माणसांची नेमणूक होती, आणि हा वाटा आता पुन्हा समुद्रापलीकडे जाणार होता.

त्यातच ५३६ मध्ये खुद्द रोमन फौजेत बंड झालं. सैनिकांनी व्हँडल विधवांशी लग्नं केली होती आणि बायका म्हणत होत्या, आमच्या जमिनी आम्हाला हव्यात. सरकार म्हणत होतं, त्या सरकारजमा. स्टोट्झस नावाचा बंडखोर त्या असंतोषावर उभा राहिला. मूर सरदारांशी युद्धं पेटली, ५४४ मध्ये सुभेदार सोलोमन मारला गेला, आणि ५४८ च्या सुमारास योहान ट्रोग्लिटानं मूरांना नमवलं तेव्हा कुठे शांतता आली. व्हँडलांच्या ९४ वर्षांत या मुलखानं सोसलं नसेल तेवढं या पंधरा वर्षांत सोसलं, असं माझं मत आहे. पुढची शंभर वर्षं मात्र बरी गेली, हेही सांगायला हवं. ६१० मध्ये हेराक्लियस कार्थेजच्याच आरमाराच्या बळावर कॉन्स्टँटिनोपलच्या गादीवर बसला, इतकी ताकद प्रांतात होती.

अरब फौजा ६४७ मध्ये आल्या. सुफेतुलाजवळ एक्झार्क, म्हणजे बायझंटाइन सुभेदार, ग्रेगरी पडला. ६७० मध्ये उक्बा बिन नाफीनं कैरवान वसवलं, समुद्रापासून आत, बायझंटाइन आरमाराच्या टप्प्याबाहेर. कार्थेज ६९८ मध्ये कायमचं गेलं. इथेही लढणारे मुख्यतः बर्बर होते, कुसैला आणि काहिना यांच्या नेतृत्वाखाली. आणि पुढे ७८८ मध्ये इद्रिस पहिला याला ज्या बर्बर जमातीनं आश्रय देऊन राजा केलं, ती वलीलीला, म्हणजे त्याच जुन्या व्होलुबिलिसला, राहत होती.

राहिला भाषेचा प्रश्न. लॅटिन एका रात्रीत गेली नाही. कैरवानमध्ये अकराव्या शतकातली ख्रिस्ती थडगी लॅटिन लेखांसह मिळाली आहेत. बाराव्या शतकात भूगोलकार अल-इद्रिसी गफ्साच्या लोकांबद्दल लिहितो की त्यांतले बहुतेक ‘आफ्रिकी लॅटिन’ बोलतात. पण स्पेनमध्ये लॅटिनला उत्तरेकडच्या ख्रिस्ती राज्यांचा आधार राहिला; तिथे राजा, चर्च आणि कचेरी तिचीच. आफ्रिकेत तसा कोपरा उरला नाही. बिशपांची साखळी विरत गेली, पैसेवाले इटली-सिसिलीकडे गेले, दप्तर अरबीत गेलं. शिवाय गॉलमध्ये लॅटिननं गावठी केल्टिक भाषा गिळून टाकली, तसं इथे झालं नव्हतं. डोंगरात बर्बर बोली रोमनांआधी होत्या, रोमनांच्या काळात होत्या, आजही आहेत. लॅटिन शहरांत आणि ऑलिव्हच्या पट्ट्यात होती. त्या पट्ट्यावर अरबी पसरली तेव्हा तिला माघार घ्यायला डोंगर नव्हता.